कॅमेरा-शंका: बॅटरी ग्रिप घ्यावी की नको?

कॅमेऱ्याच्या तळाला बसवायच्या बॅटरी ग्रिपविषयी (जादा बॅटरी मावणारा आणि उभ्या फोटोंसाठी बटणं असलेला जोडभाग) बरीच पत्रं आली आहेत. वेगवेगळ्या अंकांत तुकड्यातुकड्यानं उत्तरं देत बसण्यापेक्षा या वेळी अख्खा विभाग तिलाच दिला आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

मी लग्नाची कामं करतो. कॅमेरा कॅनन ८०डी. साखरपुड्यापासून रिसेप्शनपर्यंत एका बॅटरीवर निभत नाही. ग्रिप घ्यावी की दोन जादा बॅटऱ्या?
— एक वाचक, सोलापूर

अडचण फक्त बॅटरी संपण्याची असेल, तर ग्रिप घेऊ नका. दोन जादा बॅटऱ्या घ्या, एक दुसरा चार्जर घ्या आणि विषय संपवा. ८०डीमध्ये बॅटरी बदलायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ कुठल्याही कार्यात मिळतो.

त्याआधी बॅटरी जाते कुठे तेही बघा. व्ह्यूफाइंडरमधून काम केलं तर ८०डीचा प्रमाणित आकडा एका बॅटरीवर ९६० फोटोंचा आहे. तोच लाइव्ह व्ह्यूमध्ये ३०० वर येतो. मागच्या पडद्यावर बघून फोटो काढायची सवय आणि चालू राहिलेलं वाय-फाय, या दोन गोष्टी बंद केल्या तरी बराच फरक पडेल. बॅटरी जुनी झाली असेल तर मेन्यूतल्या बॅटरी-माहितीच्या पानावर कळतं. तिथे रिचार्ज क्षमतेचे तीन हिरवे चौकोन असतात. लाल दिसला की ती बॅटरी महत्त्वाच्या कामाला नेऊ नये.

मग ग्रिप कशासाठी? उभ्या फोटोंसाठी. रिसेप्शनला स्टेजसमोर उभं राहून दोन-तीन तास जोडप्याचे उभे फोटो काढायचे, तर कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून उजवा कोपर सतत वर ठेवावा लागतो. वर फ्लॅश असतो, पुढे जड लेन्स असते आणि सगळा भार मनगट व खांद्यावर येतो. ग्रिपवर शटर बटण, डायल आणि फोकसची बटणं पुन्हा दिलेली असतात. त्यामुळे कोपर खाली, बरगडीला टेकून राहतो. हात कमी थकतो आणि मंद शटरला हललेले फोटो कमी येतात. ७०-२०० सारखी लेन्स वापरत असाल, तर पकडायला खाली भरपूर जागा मिळते आणि करंगळी हवेत लोंबकळत नाही. आमच्या मते ग्रिपची किंमत वसूल होते ती इथे. जादा बॅटरी हा तिचा जोडफायदा आहे.

आता तोटे. ८०डीला बसणारी कॅननची ग्रिप म्हणजे बीजी-ई१४. हीच ७०डी आणि ९०डीलाही चालते. ग्रिप आणि दुसरी बॅटरी मिळून वजन सुमारे ४०० ग्रॅमनं वाढतं, आणि ते गळ्यात दिवसभर असतं. कॅमेरा उंच होतो, त्यामुळे बॅगेतले कप्पे बदलावे लागतात. सलग फोटो काढायचा वेग अजिबात वाढत नाही. सेकंदाला ७ फ्रेम (म्हणजे फोटो) आधी होत्या, ग्रिप लावूनही ७ च.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. या ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्या साधारण बरोबरीनं उतरत जातात. म्हणजे निशाणी लुकलुकायला लागली की एक संपली आणि एक शिल्लक अशी स्थिती नसते, दोन्ही संपत आलेल्या असतात. त्यामुळे ग्रिप असली तरी तिसरी भरलेली बॅटरी खिशात हवीच. ती एकटी ग्रिपच्या ट्रेमध्ये (बॅटऱ्या बसवायच्या खणात) घातली तरी ग्रिप चालते. शिवाय ८०डीची एलपी-ई६एन बॅटरी भरायला कंपनीच्या चार्जरवर अडीच तास लागतात. दोन बॅटऱ्यांना पाच, तिसरी धरली तर साडेसात. लागोपाठ दोन दिवस काम असेल तर एका चार्जरवर रात्र पुरत नाही.

बॅटऱ्यांची जोडी करून ठेवा. एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या. मार्करनं १-१, २-२ असे आकडे आणि खरेदीचा महिना लिहा. नवी आणि चार वर्षांची अशी जोडी ट्रेमध्ये घातली तर जुनी लवकर मान टाकते आणि टक्केवारी एकदम कोसळते.

निकॉन डी७०० जुना घेतला आहे. ग्रिप लावली की सेकंदाला ८ फ्रेम मिळतात असं ऐकलं. ग्रिपही जुनी मिळाली, बॅटरी भरून लावली, पण वेग तसाच आहे. ग्रिप खराब आहे का?
— एक वाचक, नाशिक

ग्रिप बहुधा ठणठणीत आहे, बॅटरी चुकीची आहे. डी७०० (२००८) नुसता असताना सेकंदाला ५ फ्रेम देतो. एमबी-डी१० ग्रिप लावून तिच्यात कॅमेऱ्याचीच ईएन-ईएल३ई घातली, तर वेग ५ वरच राहतो. ८ फ्रेम हव्या असतील तर ग्रिपमध्ये ईएन-ईएल४ए ही मोठी बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल लागतात.

कारण व्होल्टेजमध्ये आहे. दर फोटोला आरसा वर नेणं, खाली आणणं आणि शटर पुन्हा ताणणं ही कामं छोटी मोटर करते. ईएन-ईएल३ई ७.४ व्होल्टची आहे आणि ईएन-ईएल४ए ११.१ व्होल्टची. रिचार्ज होणारे आठ सेल लावले तर ९.६ व्होल्ट होतात. व्होल्टेज वाढलं की मोटर जोरात फिरते, एवढंच त्यामागचं गणित.

ईएन-ईएल४ए लावायची तर तीन गोष्टींचा खर्च धरा: बॅटरी, तिचं बीएल-३ हे झाकण आणि तिचा वेगळा चार्जर (एमएच-२१ किंवा एमएच-२२). तुमच्याकडचा चार्जर तिला चालत नाही. आठ सेलचा मार्ग स्वस्त आहे. त्यासाठी एमएस-डी१० हा ट्रे लागतो. जुनी ग्रिप घेताना तो सोबत आला आहे का बघा, बरेचदा तोच हरवलेला असतो.

यानंतर दोन सेटिंग. मेन्यूत ग्रिपमधल्या सेलचा प्रकार निवडावा लागतो: अल्कलाइन, निकेल मेटल हायड्राइड किंवा लिथियम. तो चुकीचा ठेवला तर बॅटरीची निशाणी खोटं बोलते. दुसरं सेटिंग बॅटरीच्या क्रमाचं. आधी ग्रिपमधली वापरायची असं ठेवा. आधी कॅमेऱ्यातली असं राहिलं, तर ती संपेपर्यंत वेग ५ च दिसेल. शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान आणि फोकस सततच्या मोडमध्ये हवा, नाहीतर आकडा गाठला जात नाही.

या ग्रिपची एक कटकट आधीच माहीत असू द्या. ती कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खणात शिरत नाही, नुसती तळाला बसते. त्यामुळे कॅमेऱ्यातली बॅटरी आत तशीच राहते, आणि ती बदलायची तर अख्खी ग्रिप सोडवावी लागते. म्हणूनही ग्रिपमधली आधी संपवणं सोयीचं. बसवताना तळाच्या कॉन्टॅक्टवरचं (वीज आणि आदेश पोचवणाऱ्या धातूच्या टोकांवरचं) काळं रबरी झाकण काढावं लागतं. ते ठेवायला ग्रिपमध्येच खाच आहे. तिथे ठेवलं नाही तर हरवतंच.

एमबी-डी१० डी३०० लाही बसते आणि ६ वरून ८ फ्रेम होतात. मात्र डी३०० वर १४-बिट रॉ (जास्त तपशिलाची कच्ची फाइल) ठेवलं तर वेग २.५ फ्रेमवर येतो, मग कुठलीही बॅटरी घाला. डी७०० ला ही अडचण नाही. नंतरच्या डी८५० मध्ये (२०१७) हाच प्रकार चालू राहिला: ७ वरून ९ फ्रेम, पण एमबी-डी१८ सोबत ईएन-ईएल१८बी, बीएल-५ झाकण आणि वेगळा चार्जर घेतल्यावर. सगळ्याची बेरीज करून मगच ठरवा. आणि निकॉनचं आहे म्हणजे वेग वाढणारच असंही नाही. डी५०० ग्रिपशिवाय १० फ्रेम देतो आणि ग्रिप लावूनही १० च.

मिररलेसमध्ये ग्रिपमुळे वेग वाढतो का?
— एक वाचक, ठाणे

आरसाच नाही, त्यामुळे सहसा नाही. ठळक अपवाद फुजीफिल्म एक्स-टी२ चा (२०१६). त्याची व्हीपीबी-एक्सटी२ ग्रिप लावून बूस्ट (वेगाचा खास मोड) चालू केलं की मेकॅनिकल शटरवर ८ ऐवजी ११ फ्रेम मिळतात, फोरके चित्रीकरणाची मर्यादा सुमारे १० मिनिटांवरून ३० मिनिटांवर जाते आणि हेडफोनची जागाही ग्रिपवरच आहे. त्या कॅमेऱ्याला ग्रिप म्हणजे खरोखर अर्धा कॅमेरा होती. याच मालिकेतल्या एक्स-टी५ ला मात्र उभ्या पकडीची बॅटरी ग्रिपच नाही. नवा कॅमेरा घेताना ग्रिप नंतर बघू असं म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

निकॉन झेड६ ला कंपनीची ग्रिप लावली. शटर बटणच सापडत नाही!
— एक वाचक, पुणे

कारण ते नाहीच. एमबी-एन१० हा दोन बॅटऱ्यांचा डबा आहे. झेड६ आणि झेड७ च्या पहिल्या पिढीत ग्रिपवरच्या बटणांचा आदेश पोचवायला कॉन्टॅक्टच दिले नव्हते. बटणं असलेली एमबी-एन११ झेड६-२ आणि झेड७-२ साठी आहे. ती तुमच्या कॅमेऱ्यावर आशेनं घेऊ नका. उभे फोटो कमी आणि टाइमलॅप्ससारखी कामं जास्त असतील, तर एमबी-एन१० ठेवा. नाहीतर ती विकून दोन ईएन-ईएल१५सी बॅटऱ्या घ्या.

एका बाहेरच्या कंपनीची स्वस्त ग्रिप घेतली. कॅमेरा कधी सुरू होतो, कधी नाही. आणि आठवडाभर नुसता ठेवला तरी बॅटऱ्या उतरतात.
— एक वाचक, चिपळूण

दोन वेगळे दोष आहेत, एकेक करून शोधा.

आधी सुरू न होण्याचं बघू. कॅमेरा बंद करून ग्रिप काढा, बॅटरी सरळ कॅमेऱ्यात घाला आणि झाकण लावा. सुरू झाला तर कॅमेरा निर्धास्त. आता बॅटरीच्या खणाच्या कडेला नीट बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत झाकण बंद झालंय का हे ओळखणारा एक बारीक स्विच असतो. ग्रिप लावताना झाकण काढतो, म्हणून तो स्विच दाबायला ग्रिपवर प्लास्टिकचा छोटा उंचवटा दिलेला असतो. स्वस्त ग्रिपमध्ये तो अर्धा-एक मिलिमीटर आखूड निघतो. मग कॅमेऱ्याला वाटतं झाकण उघडं आहे, आणि तो सुरू होत नाही. ग्रिप हातानं वर दाबल्यावर कॅमेरा सुरू होत असेल, तर बहुतेक हेच. अशी ग्रिप परत करा. कागदाचे कपटे चिकटवून चालवू नका, सुटून खणात अडकले तर दुरुस्ती महाग पडते.

उंचवटा ठीक असेल तर ट्रे बाहेर काढा आणि एकच बॅटरी आधी एका खणात, मग दुसऱ्या खणात घालून बघा. एका खणात चालते आणि दुसऱ्यात नाही असं झालं, तर त्या खणाची पट्टी आत दबली आहे. कॉन्टॅक्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर अगदी थोडं घ्या, पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. खोडरबरानं घासू नका, त्याचा चुरा पिनांच्या फटीत बसतो. तुमच्याकडे कोकणातल्या दमट हवेत ही सफाई पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करावी.

बसवायचं चाक बोटांनी घट्ट होईल तेवढंच फिरवा. ढिलं राहिलं तर कॉन्टॅक्ट सुटतात. नाण्यानं किंवा पकडीनं आवळलं तर ट्रायपॉडच्या भोकाचे आटे जातात. कॅमेरा खांद्यावर लटकून हलत राहिला की हे चाक हळूहळू सैल होतं, तेव्हा कामाच्या दिवशी दोन-तीनदा हात लावून बघायची सवय ठेवा.

बॅटरी उतरण्याचा दोष मोजून सिद्ध करता येतो. बॅटरी पूर्ण भरा, ग्रिपमध्ये घाला, कॅमेरा बंद करून चोवीस तास ठेवा आणि टक्केवारी लिहा. नंतर तीच बॅटरी पुन्हा भरून ग्रिपशिवाय तितकाच वेळ ठेवा. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्या. दहा-पंधरा टक्के गेले असतील तर ग्रिपचं सर्किट बंद असतानाही वीज ओढतंय. त्याला घरगुती उपाय नाही. एक तर बदलून घ्या, नाहीतर काम झालं की ट्रे बाहेर काढून ठेवा. ग्रिपवरचं लहान चालू-बंद बटण फक्त तिची बटणं गोठवतं, वीज तोडत नाही, हेही लक्षात घ्या. पण ते बंद ठेवलेलं चांगलंच, नाहीतर पोटाला घासून फोटो निघत राहतात.

पाऊस असेल तर बाहेरच्या कंपनीच्या ग्रिपवर भरवसा नको. कॅमेरा पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देणारा असला, तरी ग्रिप आणि कॅमेरा यांच्या सांध्यात रबराची पट्टी नसेल तर पाणी तिथूनच खणात जातं. अशा दिवशी ग्रिप काढा आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं झाकण लावा.

कॉलेजात शिकतो. कॅनन १५००डी आहे. कोणती ग्रिप घेऊ?
— एक वाचक, कोल्हापूर

कोणतीच नको. कॅननची या कॅमेऱ्यासाठी ग्रिप नाही. बाहेरच्या मिळतात, पण तळाला कॉन्टॅक्ट नसल्यानं ग्रिपवरचं शटर बटण चालवायला एक वायर बाहेरून रिमोटच्या भोकात लावावी लागते. ती अडकते आणि डायल तरीही मिळत नाही. निकॉन डी३५०० ला तर रिमोटचं टर्मिनलही नाही. हे पैसे ५० मिमी एफ/१.८ लेन्सकडे वळवा.

ग्रिपमध्ये साधे पेन्सिल सेल घालून काम भागतं का? गावाकडे वीज जाते, सेल कुठेही मिळतात.
— एक वाचक, यवतमाळ

अडीअडचणीला भागतं, रोजच्या कामाला नाही. कॅननच्या ज्या ग्रिपमध्ये सेलचा ट्रे आहे तिथे सहा सेल लागतात. रिचार्ज होणारे १.२ व्होल्ट आणि १९०० एमएएचचे चांगले सेल धरले, तर सहांची मिळून ऊर्जा सुमारे १३.७ वॉट-तास होते. एका एलपी-ई६एन मध्ये साधारण १४ वॉट-तास असतात. म्हणजे सहा सेल बरोबर एक बॅटरी, आणि वजन मात्र दुप्पट: सेल दीडशे ग्रॅमच्या पुढे, बॅटरी ८० ग्रॅम.

किराणा दुकानात मिळतात ते स्वस्त झिंक-कार्बन सेल घड्याळासाठी आणि रिमोटसाठी ठीक. कॅमेरा फोकसची मोटर फिरवताना एकदम जास्त करंट मागतो, तेव्हा त्यांचं व्होल्टेज बसतं आणि नवे सेल घालूनही बॅटरी संपल्याची निशाणी येते. अल्कलाइन थोडे बरे. सहाही सेल एकाच जातीचे, एकाच वेळी भरलेले हवेत. एक उतरलेला सेल बाकी पाचांना खाली ओढतो. काम झालं की सेल काढा. गळालेल्या अल्कलाइन सेलनं ट्रेच्या स्प्रिंगा खाल्ल्या तर ट्रे टाकूनच द्यावा लागतो.

नव्या मिररलेसच्या ग्रिपमध्ये ही सोय दिसत नाही. कॅननच्या आर५, आर६ साठीच्या बीजी-आर१० मध्ये सेल चालत नाहीत. मिररलेस घ्यायचा विचार असेल तर वीज जाण्यावर उपाय वेगळा: यूएसबी-पीडी (यूएसबीवरून जास्त वीज पुरवायची पद्धत) देणारी पॉवर बँक. साधी मोबाइलची चालेलच असं नाही, तिच्यावर पीडी लिहिलेलं बघून घ्या.

ट्रायपॉडवर रात्रीचे फोटो ग्रिप लावल्यापासून किंचित दुहेरी येतात.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

कॅमेरा आता सरळ ट्रायपॉडवर नाही. तो ग्रिपवर आहे आणि ग्रिप ट्रायपॉडवर. मध्ये एका स्क्रूवर तोललेला सांधा आला आणि वजनाचा मध्य वर सरकला. सांध्यात जरा जरी खेळ असेल तर वाऱ्यानं आणि आरशाच्या धक्क्यानं कॅमेरा डोलतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये दूरचा दिवा दहापट मोठा करून बघा आणि लेन्सला बोटानं हलकेच टिचकी मारा. ग्रिप असताना आणि नसताना दिवा किती वेळ थरथरतो ते स्वच्छ दिसेल.

उपाय सरळ आहे: दीर्घ एक्स्पोजर आणि मॅक्रोला ग्रिप काढून ठेवा. टेलिफोटोला स्वतःची ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला लावायचं कडं) असेल तर ग्रिप राहू दे, कारण भार कॉलरवर असतो. एल-ब्रॅकेट (कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा-उभा बसवायचा काटकोनी पट्टा) घेणार असाल तर तो ग्रिपसकट मापाचा की नुसत्या कॅमेऱ्याच्या, हे ठरवून घ्या. एक दुसऱ्याला बसत नाही.

आर५ वर व्हिडिओ करतो. ग्रिप लावली तर कॅमेरा तापायचा थांबेल का? गिंबलवर चालेल का?
— एक वाचक, मडगाव

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. उष्णता सेन्सर आणि प्रोसेसरमधून येते. ग्रिप वीज जास्त देते, उष्णता बाहेर काढत नाही. कॅननची पंखा असलेली सीएफ-आर२०ईपी ही ग्रिप आर५ मार्क-२ साठी आहे, जुन्या आर५ ला ती बसत नाही, आणि तिच्यावर उभ्या फोटोंची बटणंही नाहीत. गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) ग्रिपमुळे कॅमेरा उंच होतो, वजनाचा मध्य बदलतो आणि तोल साधायला गिंबलच्या हाताची लांबी पुरत नाही. ग्रिप हॉटेलवर ठेवा.

मस्कतहून सुट्टीला येताना ग्रिप आणि चार बॅटऱ्या कुठल्या सामानात ठेवू?
— एक वाचक, ओमान

सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच, चेक-इनमध्ये कधीही नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची असते आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तिच्या आसपासही जात नाहीत. प्रत्येक बॅटरीला तिची प्लास्टिकची टोपी लावा, नसेल तर कॉन्टॅक्टवर चिकटपट्टी. ग्रिप कॅमेऱ्यापासून सोडवून तिच्यातल्या बॅटऱ्या काढल्या तर ती चेक-इनमध्येही जाते. फक्त ग्रिप काढल्यावर कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण परत लावायला विसरू नका. ते ग्रिपच्या खाचेत राहिलं आणि बॅग बेल्टवरून पुढे गेली, तर विमानात कॅमेरा हातात असूनही सुरू होणार नाही.